स्किप करायच्या आधी

गेम सुरू केला की तुमचा अंगठा सगळ्यात आधी काय करतो, सांगू? ए बटण दाबतो. एकदा, दोनदा, मग लागोपाठ सात-आठदा. कन्सोलवाल्यांचा लोगो, पब्लिशरचा लोगो, स्टुडिओचा लोगो, मध्येच कुठल्या तरी साउंड सॉफ्टवेअरचा लोगो... हे सगळं उरकून ‘प्रेस स्टार्ट’ कधी येतंय, एवढंच आपल्याला हवं असतं. मीही त्यातलीच होते.

माझी ही सवय एका खारीनं मोडली. खार म्हणजे खरोखरची झुपकेदार शेपटीवाली खार. कॉन्कर तिचं नाव. २००१ साली निन्टेंडो ६४ वर आलेल्या ‘कॉन्कर्स बॅड फर डे’ या गेमची ती हिरो. आता माझ्या वयाच्या कुणी निन्टेंडो ६४ घरात पाहिलेला असण्याची शक्यता कमीच. मीसुद्धा हा गेम पहिल्यांदा पाहिला तो यूट्यूबवर, तोही रात्री दीड वाजता आणि दुसऱ्या दिवशी पेपर असताना. पडद्यावर निन्टेंडो ६४ चा तो प्रसिद्ध रंगीबेरंगी ‘एन’ येतो. कॉन्करसाहेब चालत येतात, त्या ‘एन’कडे बघतात आणि चेनसॉ काढून त्याचे सरळ दोन तुकडे करतात. मग पडद्यावर येतो गेम बनवणाऱ्यांचा स्वतःचा लोगो, रेअरवेअर.

मी व्हिडिओ मागे घेतला आणि परत पाहिला. विचार करा ना. ज्या कंपनीच्या मशीनवर गेम चालणार, तिचाच लोगो गेम सुरू होताच कापायचा! आणि गंमत म्हणजे त्या वेळी या स्टुडिओत निन्टेंडोची ४९ टक्के मालकी होती. आपल्याकडे एखाद्या सिरियलनं टायटल साँगमध्येच चॅनेलचं बोधचिन्ह फोडलं, तर तिचा दुसरा एपिसोड येईल का?

तेव्हापासून मी लोगो स्किप करणं थांबवलं. निदान या एका स्टुडिओचे तरी. इंग्लंडमधल्या या स्टुडिओचं नाव रेअर. आज ‘सी ऑफ थीव्ह्ज’ खेळणाऱ्यांना ते माहीत असेल. तुमच्या हॉस्टेलमध्ये कुणी रात्रभर समुद्री चाचा होऊन ओरडत असेल, तर तो गेम यांचाच. रेअरचे लोगो एकापाठोपाठ एक बघत गेलं की त्यात एका कंपनीची जवळपास सगळी गोष्ट सापडते. कोण कुणासोबत होतं, पैसा कुणाचा होता, कुणाचं नाव मोठं आणि कुणाचं बारीक. एखाद्या घराच्या दारावरच्या पाट्या बघाव्यात तसं.

पहिली पाटी वेगळ्याच नावाची आहे. टिम आणि ख्रिस स्टॅम्पर या दोन भावांनी १९८२ मध्ये लेस्टरशरमधल्या ॲशबी-द-ला-झूश नावाच्या छोट्या गावात कंपनी काढली. कागदोपत्री नाव ‘ॲशबी कॉम्प्युटर्स अँड ग्राफिक्स’. पण दुकानात एवढं रुक्ष नाव कोण विकत घेणार? म्हणून गेमवर नाव आलं ‘अल्टिमेट प्ले द गेम’. ख्रिस कोड लिहायचा, टिम चित्रं काढायचा. १९८३ मध्ये त्यांचा पहिला गेम आला, ‘जेटपॅक’. तो झेडएक्स स्पेक्ट्रम नावाच्या घरगुती कॉम्प्युटरवर चालायचा आणि त्याला मेमरी लागायची अवघी १६ केबी. तुमच्या व्हॉट्सॲपवरचा एखादा ‘गुड मॉर्निंग’चा फोटोसुद्धा यापेक्षा जड असतो.

या कॉम्प्युटरवर गेम कॅसेटवरून लोड व्हायचा. आईबाबांच्या जमान्यात गाणी ऐकायची तीच कॅसेट. प्लेअर लावायचा आणि टीव्हीसमोर बसून राहायचं. कर्कश चिरचिर आवाज, पडद्याच्या कडेला नाचणारे रंगीत पट्टे आणि मधोमध हळूहळू उमटणारं चित्र. हे चित्र वरून खाली सरळ उतरत नसे. पडद्याचे तीन आडवे भाग असायचे. एका भागात आठ-आठ रेघांचं अंतर सोडून एकेक बारीक रेघ उमटायची, मग उरलेल्या फटी भरत जायच्या, मग पुढचा भाग. तोपर्यंत चित्राला स्वतःचे रंग नसायचे. सगळ्यात शेवटी छोट्या छोट्या चौकोनांमध्ये रंग भरत जायचे. एका चित्राला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागायचा आणि खरा गेम त्याच्या नंतर. म्हणजे त्या पिढीला स्किप बटण नव्हतंच. समोर जे येईल ते बघावंच लागायचं. नाव लक्षात राहायचं ते त्यामुळे.

आणि अल्टिमेटचं नाव खरंच राहिलं. हे दोघं भाऊ मुलाखती जवळपास देतच नसत. जाहिरातींतसुद्धा गेमबद्दल फार सांगायचं नाही. लोकांसमोर होतं ते फक्त नाव. त्या नावाला एवढं वजन आलं की १९८४ मध्ये ‘सेबर वुल्फ’ आणताना त्यांनी किंमत जवळजवळ दुप्पट केली, साडेपाच पौंडांवरून ९ पौंड ९५ पेन्स. तरी मुलांनी घेतलाच. आज आपण इन्फ्लुएन्सरच्या ‘मिस्ट्री’वर रील बघतो ना, ते या भावांनी चाळीस वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं.

मग त्यांनी ते गाजलेलं नाव चक्क विकून टाकलं. मला हे वाचून धक्का बसला होता. यशाच्या शिखरावर असताना ब्रँड देऊन टाकायचा? पण त्यांची नजर आधीच जपानकडे गेली होती. निन्टेंडोचं घरगुती मशीन, तिकडे फॅमिकॉम आणि पुढे पश्चिमेत एनईएस. निन्टेंडो त्याची माहिती बाहेर देत नव्हतं. तर यांनी मशीन आणलं, उघडलं आणि आतून ते कसं चालतं हे स्वतःच शोधून काढलं. मग त्यावर नमुने बनवून निन्टेंडो ऑफ अमेरिकाच्या मिनोरू अराकावा यांना दाखवले आणि काम मिळवलं. १९८५ मध्ये उभ्या राहिलेल्या या नव्या कंपनीचं नाव रेअर. पत्ता ट्विक्रॉस गावातलं एक जुनं फार्महाउस.

या काळातल्या त्यांच्या लोगोबद्दल सांगण्यासारखं फार नाही आणि मला तीच गोष्ट महत्त्वाची वाटते. एनईएससाठी त्यांनी डझनावारी गेम बनवले, त्यातले कित्येक दुसऱ्या कंपन्यांच्या नावाखाली. टायटल स्क्रीनवर खाली कॉपीराइटच्या बारीक ओळीत ‘रेअर’ असं लिहिलेलं असायचं. १९९१ च्या ‘बॅटलटोड्स’सारख्या गाजलेल्या गेममध्येसुद्धा. लग्नपत्रिकेत शेवटी ‘आपले नम्र’च्या खाली नावं असतात ना, त्या आकाराची अक्षरं. पडद्यावर मोठं नाव कुणाचं, हे हिशेबावर ठरतं, मेहनतीवर नाही, हे या ओळीत नीट दिसतं.

इथे जरा आडवाट घेते, कारण ती भन्नाट आहे. लोगो म्हणजे नुसती शोभा, असं वाटतं ना? १९८९ मध्ये आलेला निन्टेंडोचा गेम बॉय सुरू केला की वरून निन्टेंडोचं नाव सरकत खाली यायचं आणि ‘टिंग’ वाजायचं. ते नाव कार्ट्रिजमधून वाचलं जायचं. गेम बॉयच्या आत त्याच लोगोची दुसरी प्रत असायची. दोन्ही तंतोतंत जुळल्या तरच गेम चालू, नाहीतर मशीन तिथेच थांबणार. म्हणजे परवानगी न घेता गेम विकायचा तर आपल्या कार्ट्रिजमध्ये निन्टेंडोचा लोगो कॉपी करावाच लागणार. आणि कॉपी केला की ट्रेडमार्क वापरल्याची केस अंगावर! म्हणजे तो लोगो खरं तर दाराचं कुलूप होता. हे कळल्यावर कॉन्करच्या हातातल्या चेनसॉकडे मी जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

असो. परत ट्विक्रॉसला.

नव्वदीच्या सुरुवातीला रेअरनं एक जुगार खेळला. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीचे महागडे वर्कस्टेशन विकत घेतले. हॉलिवूडवाले स्पेशल इफेक्ट्ससाठी वापरायचे तसले. कल्पना अशी की या मशीनवर खऱ्याखुऱ्या थ्रीडी आकृत्या बनवायच्या, त्यांचे फोटो काढल्यासारखी चित्रं घ्यायची आणि ती निन्टेंडोच्या साध्या टूडी कन्सोलमध्ये बसवायची. कन्सोल बिचारा थ्रीडी काढतच नाही, पण बघणाऱ्याला ते कळणार कसं? निन्टेंडोला हे इतकं आवडलं की त्यांनी आधी रेअरचा २५ टक्के हिस्सा घेतला, पुढे तो ४९ टक्क्यांपर्यंत गेला. आणि आपलं जुनं पात्र डाँकी काँग त्यांच्या हाती सोपवलं. गोरिला कसा चालतो हे बघायला टीम गावातल्याच ट्विक्रॉस प्राणिसंग्रहालयात गेली. तिथला गोरिला काही धावेना. शेवटी डाँकी काँगचं धावणं घोड्याच्या चालीवर बेतलं. नोव्हेंबर १९९४ मध्ये ‘डाँकी काँग कंट्री’ आला आणि त्याच्या ९० लाखांहून जास्त प्रती खपल्या.

हा गेम सुरू होतो तेव्हा काय दिसतं, ते यूट्यूबवर नक्की बघा. सोनेरी, चमकणारा ‘आर’ आणि सोबत एखाद्या राजाचं आगमन व्हावं तशी छोटीशी धून. बस, काही सेकंद. कॉपीराइटच्या ओळीत बसलेलं नाव आता पूर्ण पडद्यावर. आणि ते नुसतं मोठं नाही, त्याला धातूची झळाळी आहे, सावली आहे, उजेड आहे. त्या काळातल्या टीव्हीवर, त्या कन्सोलवर असा ‘आर’ दिसणं म्हणजे गेम सुरू व्हायच्या आधीच सांगणं की बघा, आम्हाला हे जमतं. याच सुमारास ‘रेअरवेअर’ हे नाव आलं. निळ्यावर सोनेरी ‘आर’, खाली अक्षरं. नव्वदीत वाढलेल्या तिकडच्या मुलांसाठी हा लोगो म्हणजे आपल्या आजी-आजोबांसाठी ‘प्रभात’ची तुतारी. ती तुतारी फुंकणारी बाई पडद्यावर आली की प्रेक्षक सरसावून बसायचे म्हणे. कोण हिरो आहे, हे नंतर.

लोगोनंतर लगेच येणारा सीन तर मला लोगोचाच भाग वाटतो. म्हातारा क्रँकी काँग ग्रामोफोनचं हँडल फिरवत जुन्या ‘डाँकी काँग’ची धून वाजवत बसलाय. तेवढ्यात नवा डाँकी काँग भलामोठा टेपरेकॉर्डर घेऊन वरून धपकन येतो आणि गाणंच बदलून टाकतो. नव्या पिढीनं जुन्या पिढीला बाजूला सारल्याचा इतका कमी वेळातला सीन मी दुसरा पाहिलेला नाही. पुढे आपल्यालाही कुणी तरी असंच बाजूला सारणार आहे, हे रेअरवाल्यांच्या तेव्हा मनातही नसेल.

निन्टेंडो ६४ आल्यावर थ्रीडी खरं झालं आणि लोगोही खराखुरा फिरायला लागला. १९९७ च्या ‘गोल्डनआय ००७’मध्ये लोगो झाले की जेम्स बाँडची ती बंदुकीच्या नळीतून दिसणारी ओळखीची चाल. हा गेम बनवणाऱ्या छोट्या टीममधल्या बहुतेकांनी त्याआधी एकही गेम बनवलेला नव्हता, हे प्लेसमेंटच्या टेन्शनमध्ये असलेल्या सगळ्यांनी लक्षात ठेवा. गेमच्या ८० लाखांहून जास्त प्रती गेल्या. आणि हा सगळा गेम १२ एमबीच्या कार्ट्रिजमध्ये मावला होता. त्या काळात जागा एवढी महाग, की लोगोच्या प्रत्येक सेकंदासाठी दुसरं काहीतरी कापावं लागत असणार. तरी लोगोवर त्यांनी कंजुषी केली नाही.

आता परत आपली खार.

कॉन्कर सुरुवातीला इतका बिघडलेला नव्हता. हा गेम आधी ‘ट्वेल्व्ह टेल्स’ या नावानं बनत होता, अगदी गोड, लहान मुलांसाठी. त्याची झलक पाहिल्यावर लोक म्हणाले, अजून एक गोंडस प्राण्यांचा गेम? रेअरकडे आधीच अस्वल होतं, पक्षी होता, माकडं होती. टीमनं सगळं उलटं करायचं ठरवलं. कॉन्करला दारू पाजली, तोंडी शिव्या दिल्या, सिनेमांची टिंगल केली आणि पुठ्ठ्यावर मोठ्यांसाठीचा शिक्का घेतला. ६४ एमबीचं कार्ट्रिज, म्हणजे त्या कन्सोलवरचं सर्वांत मोठं माप, काठोकाठ भरलं. पण गेम आला २००१ मध्ये, कन्सोल निवृत्तीला आलेला असताना. विक्री पडली. युरोपात तर निन्टेंडोनं तो स्वतःच्या नावानं काढलाच नाही.

त्यानंतर दीड वर्षात, २४ सप्टेंबर २००२ ला, मायक्रोसॉफ्टनं रेअर विकत घेतल्याचं जाहीर केलं. किंमत ३७.५ कोटी डॉलर. निन्टेंडोनं आपला ४९ टक्के हिस्सा विकला. त्याच महिन्यात रेअरचा निन्टेंडोच्या घरगुती कन्सोलसाठीचा शेवटचा गेम, ‘स्टार फॉक्स ॲडव्हेंचर्स’, दुकानात पोहोचला होता. आता अनेक फॅन म्हणतात की कॉन्करनं लोगो कापला तो पुढचा इशारा होता. मला नाही पटत. चांगला विनोद होता, तो त्यांनी केला आणि मालकानं करू दिला, इतकंच. पण माहीत असल्यावर तो सीन आधीसारखा दिसत नाही, हेही खरं.

या खरेदीनंतर पडद्यावर जे घडलं, ते मला आख्ख्या गोष्टीत सगळ्यात विचित्र वाटतं. ‘रेअरवेअर’ हे नाव गेलं, ‘रेअर’ उरलं. २००३ पासून स्टुडिओचं नाव एक्सबॉक्सवर दिसू लागलं. पण मायक्रोसॉफ्टकडे खिशात मावणारा कन्सोल नव्हता. म्हणून रेअर गेम बॉय ॲडव्हान्ससाठी गेम बनवतच राहिलं, २००३ मधली ‘डाँकी काँग कंट्री’ची नवी आवृत्तीसुद्धा. म्हणजे मालक मायक्रोसॉफ्ट, मशीन निन्टेंडोचं, पात्र निन्टेंडोचं आणि सुरुवातीला नाव रेअरचं. घटस्फोट झालेल्या जोडप्यानं शाळेच्या गॅदरिंगला शेजारी बसावं तसं.

आणि मग आलं २००८. अस्वल आणि पक्ष्याचा ‘बँजो-कझूई’ हा १९९८ चा लाडका गेम एक्सबॉक्सवर परत आला. गेम तोच, गाणी तीच. फक्त सुरुवातीला जिथे निन्टेंडो ६४ चा लोगो होता, तिथे मायक्रोसॉफ्टचा बसवलेला. रेअरचा लोगोही नवा. कायद्यानं बघितलं तर बरोबरच. दुसऱ्याचा ट्रेडमार्क ते कसा दाखवतील? पण ज्यांनी लहानपणी तो गेम पन्नास वेळा सुरू केला होता, त्यांना तो पहिल्याच सेकंदाला परका वाटला. जुन्या घराचा फोटो कुणी तरी एडिट करून पाठवावा, तसा. मग जानेवारी २०२२ मध्ये हाच गेम निन्टेंडोच्या स्विचवर आला, जुन्या कार्ट्रिजवरचा. त्यात जुने लोगो आपापल्या जागी. आज एकाच गेमच्या दोन सुरुवाती बाजारात आहेत. कुठल्या मशीनवर खेळता, त्यावर तुमची ‘मूळ’ सुरुवात ठरते.

तुम्ही म्हणाल, इतकं काय त्यात? लोगोच तर आहे! मीही म्हटलं असतं. पण आमच्या ओळखीतल्या चौघांनी मागच्या वर्षी फायनल इयर प्रोजेक्ट म्हणून एक छोटा गेम बनवला. चारच लेव्हल, एक मांजर आणि एक गच्ची. मांजराच्या पंजाचा लोगो त्यांनी दोन रात्री भांडून ठरवला होता. सबमिशनच्या वेळी समजलं की सुरुवातीला आधी विद्यापीठाचं चिन्ह, मग संस्थेचं चिन्ह, मग डिपार्टमेंटचं नाव आणि पंजा टाकायचाच तर शेवटी, क्रेडिट्समध्ये. ॲडमिशनच्या फॉर्मवर सही करताना प्रोजेक्टचे हक्क संस्थेकडे राहतील, अशी ओळ होती म्हणे. चौघांपैकी एकानंही ती वाचली नव्हती. (तुम्ही वाचलीय? मी घरी जाऊन माझा फॉर्म शोधला. सापडला नाही.) गेम त्यांनी चांगला बनवला होता. बघणाऱ्यांना मात्र पहिली दहा सेकंद तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटायचा.

रेअरमध्ये हेच मोठ्या प्रमाणात झालं. ‘गोल्डनआय’च्या टीमचे प्रमुख मार्टिन हॉलिस १९९८ मध्येच बाहेर पडले. त्या टीममधल्या इतर काहींनी नॉटिंगहॅममध्ये ‘फ्री रॅडिकल’ हा नवा स्टुडिओ काढला. २००७ मध्ये खुद्द स्टॅम्पर बंधू निघून गेले. रेअरच्या आणखी काही जुन्या लोकांनी ‘प्लेटॉनिक’ नावाचा स्टुडिओ सुरू केला आणि २०१५ मध्ये ‘यूका-लेली’ या गेमसाठी लोकांकडूनच २० लाख पौंडांच्या वर पैसे उभे केले. लोकांनी ते दिले कशावर? सोनेरी ‘आर’ त्यांच्याकडे नव्हता. तो मायक्रोसॉफ्टकडे होता. होती ती फक्त माणसं, ज्यांची नावं क्रेडिट्समध्ये शेवटी येतात आणि जी आपण लोगोपेक्षाही वेगानं स्किप करतो. मग ‘रेअरचा गेम’ म्हणजे नेमकं काय? पाटीखाली बनलेला की त्या माणसांनी बनवलेला? मला याचं उत्तर ठाम देता येत नाही. ‘यूका-लेली’ बघताना तो मला रेअरचा वाटतो. ‘सी ऑफ थीव्ह्ज’ बघताना तोही वाटतो.

मधली वर्षं भरभर सांगते. मायक्रोसॉफ्टनं रेअरला एक्सबॉक्सचे अवतार बनवायला लावलं, मग हातात कंट्रोलर न घेता खेळायच्या किनेक्टसाठी स्पोर्ट्सचे गेम. २०१० मध्ये लोगोही नव्यानं बनवला. गुळगुळीत, आधुनिक आणि माझ्या मते अगदीच कॉर्पोरेट. जुन्या सोनेरी अक्षराशी त्याचं फारसं नातं उरलं नव्हतं. लोगो बदलला म्हणून स्टुडिओ बदलला की स्टुडिओ बदलला म्हणून लोगो, हे तुम्ही ठरवा.

पण २०१५ मध्ये ‘आर’ परत आला. स्टुडिओला ३० वर्षं झाली म्हणून त्यांनी ‘रेअर रिप्ले’ काढला. ३० गेम, किंमत ३० डॉलर. त्याच वर्षी नवा लोगो आला. आता झळाळी नाही, सावली नाही. मोबाइलच्या आयकॉनसारखा सपाट, पण बघताक्षणी जुना ‘आर’ आठवावा असा. ‘रेअर रिप्ले’मध्ये ‘गोल्डनआय’ मात्र नाही. बाँडचे हक्क एकाकडे, गेमचे दुसऱ्याकडे, अशी गुंतागुंत. तो गेम एक्सबॉक्सवर आणि स्विचवर यायला जानेवारी २०२३ उजाडावं लागलं. आणि २०२४ मध्ये ‘सी ऑफ थीव्ह्ज’ सोनीच्या प्लेस्टेशनवर आला. कधीकाळी एका कन्सोलवाल्याच्या घरचा समजला जाणारा ‘आर’ आता तिन्ही मोठ्या कंपन्यांच्या पडद्यांवर आहे.

हे लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं की शेवट गोड होईल. पण जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं सुमारे ९,००० जणांना काढायचं ठरवलं आणि त्याच वेळी रेअरचा ‘एव्हरवाइल्ड’ हा गेम रद्द झाला. २०१९ मध्ये त्याची घोषणा झाली होती. जंगल, विचित्र देखणे प्राणी, पाण्यात धुतल्यासारखे रंग. ट्रेलर अजून इंटरनेटवर आहे. गेम येणार नाही. इतकी वर्षं ज्यांनी तो बनवला, त्यांच्या कामाचं आपल्याला दिसणारं रूप म्हणजे आता हे ट्रेलर. आणि त्यातही ‘आर’ आहे.

मागच्या रविवारी एका मित्राकडे एक्सबॉक्सवर आम्ही ‘रेअर रिप्ले’ लावला. तो सुरू होतो तोच एका गाण्यानं. कागदी पात्रं, रंगमंच, पडदा, सगळा नाटकाचा थाट. मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, कुणीही बटण दाबायचं नाही, आधी नीट बघायचं. चौघं शिस्तीत बसलो. लाइट बंद केले. पडद्यावर पहिला लोगो उमटायला लागला आणि मित्राच्या धाकट्या भावानं कंट्रोलर उचलून ए दाबलं.

“अरे, काय करतोयस?” मी ओरडले.

“काय केलं?” तो म्हणाला. “गेम सुरू केला ना.”